अण्णांच्या पोटावरची पिशवी

पोट दुखायला लागलं तेव्हा अण्णा म्हणाले, "गॅस धरलाय, ओवा दे." दोन दिवस ओवा, हिंग, गरम पाणी चाललं. ते दोन दिवस मला आजही छळतात. तिसऱ्या पहाटे पोट पाटासारखं कडक झालं, हात लावू देईनात. उभं करून काढलेल्या एक्स-रेत यकृताच्या वर काळी चंद्रकोर होती. सर्जनबाई म्हणाल्या, "ही हवा इथे असायला नको. आतडं फुटलंय."

मोठ्या आतड्याच्या भिंतीला वयानुसार लहान फुगे येतात. त्यातलाच एक सुजून फुटला आणि मळ पोटात पसरला. फुटलेला भाग काढला, पोट सलाइनने धुतलं, खालचं टोक शिवून बंद केलं आणि वरचं डाव्या बाजूला पोटावर आणलं. याला हार्टमन ऑपरेशन म्हणतात. फ्रेंच सर्जन हार्टमन यांनी १९२१ साली ते मांडलं, तेही कॅन्सरसाठी. दोन्ही टोकं लगेच का जोडली नाहीत, हे मी तीनदा विचारलं. पू झालेल्या पोटात टाके सुटायची भीती असते, हे बाईंनी तिन्ही वेळा न कंटाळता सांगितलं.

पोटावर आणलेलं आतड्याचं ते तोंड म्हणजे स्टोमा. तो लालभडक, ओलसर, गालाच्या आतल्या कातडीसारखा. त्याला हात लावला तरी दुखत नाही. मळ गोळा करायला त्यावर पिशवी चिकटवतात; तिच्या चकतीला स्टोमाच्या मापाचं भोक कापावं लागतं. जास्त मोठं झालं की मळ कातडीला लागून ती सोलवटते.

दहा दिवस अण्णांनी तिकडे पाहिलंच नाही. अकराव्या दिवशी म्हणाले, "कात्री दे इकडे, तू वाकडं कापतेस."