इबादानच्या डॉक्टरीणबाई

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हाच मी सांगून टाकलं होतं, की मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरं आणि पावसाळ्यात गळणारे वर्ग यांवर मी लिहिणार नाही. त्यावर निदान दहा जण लिहितीलच. मला लिहायचंय ते आपल्या शाळेचं तोंडही न पाहिलेल्या एका बाईंबद्दल. त्यांचं नाव ओलुफुनमिलायो ओलोपादे. जवळची माणसं त्यांना फुनमी म्हणतात. जन्म नायजेरियातला, नोकरी शिकागोत, विषय स्तनांचा कर्करोग. शाळेचा आणि त्यांचा संबंध काय, तर आपले ‘नायजेरियावाले सर’.

माझ्या पुढच्या-मागच्या वर्गातल्यांना सर आठवत असतील. इतरांसाठी थोडं सांगते. सर १९८४ मध्ये आपल्याकडे विज्ञान शिकवायला आले. त्याआधी ते नायजेरियातल्या इबादान शहराजवळच्या एका सरकारी शाळेत होते. नायजेरियाच्या पश्चिमेकडच्या राज्यांनी १९७९ पासून माध्यमिक शिक्षण मोफत केलं. गावोगाव शाळा निघाल्या आणि शिकवायला माणसं कमी पडली. तेव्हा घानातून शिक्षक गेले, तसे आपल्याकडूनही गेले. तेलाचा पैसा होता, पगार चांगला होता. मग ३१ डिसेंबर १९८३ ला लष्करानं सरकार उलथवलं. पुढच्या एप्रिलमध्ये नोटांचे रंग बदलले आणि जुन्या नोटा बाद झाल्या. घरी पैसे पाठवणं मुश्कील झालं, तसे सर गाशा गुंडाळून परत आले. विज्ञान कक्षातल्या त्यांच्या टेबलाच्या काचेखाली बाद झालेली एक नायराची नोट होती. आम्ही पोरं ती बघायला म्हणून उगाचच वह्या तपासून घ्यायला जायचो.

सरांचा एक तास मला पुरता आठवतो. धडा रक्ताचा होता. त्यांनी फळ्यावर एक गोल पेशी काढली, शेजारी विळ्यासारखी वाकडी पेशी काढली आणि तिकडच्या वर्गातल्या एका मुलाबद्दल सांगितलं. हाडं ठणकायला लागली की तो आठ-आठ दिवस शाळेत यायचा नाही. पण वर्गात कुणी त्याला कामचुकार म्हणत नसे. का येत नाही ते सगळ्यांना ठाऊक असायचं. हा सिकलसेलचा आजार. नायजेरियात दर चार माणसांतल्या जवळजवळ एकाच्या रक्तात त्याचा एक तरी जीन असतो. आज तिथले शिकलेले लोक लग्न जमवताना आधी एकमेकांचं ‘एए’ (तो जीन नाही) आहे की ‘एएस’ (एक जीन आहे) ते विचारतात. आपल्याकडे पत्रिका बघतात, तिकडे रक्ताचा कागद बघतात. सर पुढे म्हणाले, हाच आजार आपल्या विदर्भात आहे, नंदुरबारकडच्या आदिवासी पाड्यांवर आहे. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, मग आपल्या धड्यात का नाही? सर म्हणाले, “धडा लिहिणाऱ्यानं जी माणसं पाहिली, त्यांचंच त्यानं लिहिलं.” परीक्षेला येणार नाही म्हणून आम्ही ते वहीत उतरवूनही घेतलं नाही.

पुढे पॅथॉलॉजीत एमडी करताना एका शोधनिबंधावर इबादान हे नाव दिसलं आणि मी थांबले. पुण्यातल्या त्या ग्रंथालयात इबादान कुठे आहे हे न बघता सांगू शकणारी बहुधा मी एकटीच असेन. लेखकांमध्ये ओलोपादे हे नाव होतं. तेव्हापासून मी या बाईंचं काम वाचत आले आहे. प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही.

ओलोपादेबाईंचा जन्म १९५७ चा. इबादानचं मोठं विद्यापीठ रुग्णालय त्याच वर्षी उघडलं. वडील अँग्लिकन चर्चमधले धर्मगुरू, घरात सहा भावंडं, फुनमी पाचवी. गावाकडे डॉक्टरांची वानवा, त्यामुळे एका तरी पोरानं डॉक्टर व्हावं ही आईवडिलांची इच्छा. १९८० मध्ये त्या इबादानहून एमबीबीएस झाल्या. काही काळ नौदलाच्या रुग्णालयात काम केलं आणि १९८३ मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात रेसिडेन्सीसाठी गेल्या. कुक काउंटी म्हणजे तिथलं ससून म्हणा ना: खिशात पैसे नाहीत, विमा नाही, त्यानं तिथेच जायचं. शिकून मायदेशी परतायचा बेत होता. पण वर सांगितलेला लष्करी उठाव झाला, पाठोपाठ अर्थव्यवस्था घसरली आणि डॉक्टर पती-पत्नी शिकागोतच राहिले. ज्या उठावानं आमचे सर आम्हाला मिळाले, त्यानंच ओलोपादेबाई अमेरिकेला मिळाल्या. आपल्याला सर मिळाले हे काही कमी नाही, पण नायजेरियाचं काय गेलं याचा हिशेब कुणी मांडायचा?

१९८७ मध्ये त्या शिकागो विद्यापीठात कर्करोगाच्या पुढच्या प्रशिक्षणासाठी गेल्या. तिथे त्यांना जॅनेट रौली यांची प्रयोगशाळा मिळाली. या रौलीबाईंबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गुणसूत्रांचे फोटो त्या घरी आणायच्या, जेवणाच्या टेबलावर कात्रीनं एकेक गुणसूत्र कापून जोड्या लावायच्या. मुलांना वाटायचं, आई कागदाच्या बाहुल्या खेळतेय! त्या कात्रणांतूनच १९७२ मध्ये त्यांना दिसलं, की रक्ताच्या एका कर्करोगात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांशी अदलाबदल झालेले असतात. कर्करोग हा जीनचा आजार आहे, ही समजूत रुजायला या कामानं मोठा हातभार लावला. ओलोपादेबाईंनी तिथे त्याच नवव्या गुणसूत्राचा, काही गाठींमध्ये हरवलेला भाग शोधायचं काम केलं.

१९९२ मध्ये त्यांनी विद्यापीठात कर्करोगाचा धोका तपासणारा दवाखाना सुरू केला. हे वर्ष नीट बघा. बीआरसीए-१, म्हणजे बिघडला तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका खूप वाढवणारा जीन, प्रत्यक्ष हाती लागला १९९४ मध्ये. म्हणजे तपासायला जीन नाही, हातात फक्त घराण्यांचे वृत्तांत आहेत, तरी बाई दवाखाना मांडून बसल्या. मला त्यांच्या सगळ्या कामात हे सर्वांत धाडसाचं वाटतं. शिकागोच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय वस्ती मोठी. तिथल्या घराण्यांमध्ये बीआरसीए-१ चे ठरावीक बिघाड पुन्हा पुन्हा आढळतात, हे त्यांनी दाखवलं. तोवर या जीनचा अभ्यास बहुतेक गोऱ्या घराण्यांतच चालला होता.

मग नव्वदच्या दशकात त्या घरच्या एका लग्नासाठी नायजेरियाला गेल्या. तिथे त्यांनी स्तनांच्या कर्करोगाचा एक बाह्यरुग्ण विभाग बघितला. लग्नाला जायचं आणि ओपीडी बघून यायची, हे डॉक्टर मंडळींनाच जमतं. बाकांवर बसलेल्या बहुतेक बायका तरुण होत्या. पुस्तकात हा आजार पन्नाशी-साठीनंतरचा, आणि इथे तिशी-चाळिशीतल्या आया लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या. शिकागोत काळ्या बायकांमध्ये जे दिसत होतं, तेच इथेही होतं.

आता थोडं माझ्या टेबलावरचं सांगते. गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन आम्ही त्याला एक खास रंग देतो. पेशीत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारे रेणू, असतील तर केंद्रकं तपकिरी होतात, नसतील तर निळी राहतात. तपकिरी असेल तर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या उपयोगी पडतात. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक आणि हर-टू हे प्रथिन या तिन्ही काचा नकारार्थी आल्या, की आम्ही अहवालात ‘ट्रिपल निगेटिव्ह’ लिहितो. त्या गोळ्यांचा तिथे उपयोग नाही आणि आजार झपाट्यानं वाढतो. ओलोपादेबाईंच्या गटानं नायजेरिया आणि सेनेगलमधल्या ३७८ बायकांच्या गाठी कॅनडातल्या ९३० बायकांच्या गाठींशी ताडून पाहिल्या, तेव्हा आफ्रिकेतल्या गाठींमध्ये हा निळा प्रकार कितीतरी जास्त निघाला. २००५ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला. तेव्हा तिची रक्कम ५ लाख डॉलर होती.

पॅथॉलॉजिस्ट म्हणून इथे मला एक शंका नोंदवायची आहे, आणि ती इतरांनीही नोंदवली आहे. गाठ काढल्यावर ती वेळेत फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ती टिकवणाऱ्या द्रावात, गेली नाही, किंवा नीट जपली गेली नाही, तर रिसेप्टर असूनही रंग येत नाही. वीज जाते, डबा उशिरा पोचतो, आणि तपकिरी असायला हवी ती काच निळी दिसते. आफ्रिकेतल्याच नंतरच्या अभ्यासांत आकडे पुष्कळ वेगवेगळे आले, ते काही अंशी यामुळेही. आपल्या तालुक्याच्या ठिकाणाहून येणारे डबे उघडताना मला हे कितीदा तरी जाणवलं आहे. पण बाईंचा मुख्य मुद्दा त्यानं पडत नाही: स्तनांचा कर्करोग हा एकच आजार नव्हे, आणि त्याचं वर्णन ज्या बायकांवरून केलं गेलं त्यांत आफ्रिकेच्या बायका जवळपास नव्हत्याच.

अमेरिकेत काळ्या बायकांना हा आजार गोऱ्या बायकांपेक्षा थोडा कमीच होतो, पण त्यानं मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. यावर काही जण म्हणतात, सगळं जीनमध्ये आहे. काही म्हणतात, सगळं गरिबीत आणि वर्णद्वेषात आहे. ओलोपादेबाई या दोन्ही सोप्या उत्तरांच्या नादी लागल्या नाहीत. जीनही शोधले आणि औषध, तपासणी, विमा कुणापर्यंत पोचत नाही तेही सांगत राहिल्या. मला त्यांचा आदर वाटतो तो मुख्यतः यासाठी.

इबादानमध्ये १९९८ पासून बायकांची नोंद ठेवून सुरू झालेला अभ्यास वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, फळाला आला. कर्करोग झालेल्या १,१३६ नायजेरियन बायकांचे जीन तपासले गेले. आठांतल्या एकीचा आजार चार जीनपैकी एखाद्यातल्या आनुवंशिक बिघाडातून आलेला निघाला. बीआरसीए-१ शोधण्याचा पाया जिनं घातला ती मेरी-क्लेअर किंगही या कामात होती. याच काळात शिकागोत ओलोपादेबाईंच्या गटानं जोखमीच्या बायकांची दर सहा महिन्यांनी एमआरआय करून पाहिली. सापडलेल्या गाठी सरासरी सेंटिमीटरभराहूनही लहान होत्या. एवढी एमआरआय इबादानमध्ये कुणाला परवडणार, हा प्रश्न आहेच. पुण्यातही तो आहे. नायजेरियात औषधांच्या चाचण्या व्हाव्यात, तिथल्या डॉक्टरांनीच त्या चालवाव्यात, यासाठी बाई अजून खपतात.

आपल्याकडेही हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानानं साधारण दहा वर्षं आधी गाठतो, आणि ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाणही जास्त आहे. मुंबईत टाटा रुग्णालय आणि खारघरचं त्यांचं संशोधन केंद्र आनुवंशिक कर्करोगावर काम करतात. आमच्या रुग्णालयातही असा छोटा विभाग आहे. तिथे वंशवृक्ष काढायला मी समुपदेशकांसोबत बसते. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजार असेल तर ते काळं करायचं. आईच्या बाजूची वर्तुळं भराभर भरतात. वडिलांच्या बाजूला आलं की शांतता. “आत्या होती हो, लवकर गेली.” कशानं? “गाठ होती म्हणतात. पोटात का कुठे ते माहीत नाही.” बीआरसीए बापाकडूनही तितकाच येतो, हे सांगितलं की सोबत आलेले काका पहिल्यांदा खुर्चीत सरसावून बसतात. मग कुठल्यातरी चुलत आत्याला तिथूनच फोन लागतो.

शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर मला सारखं विचारतात, ही जीनची तपासणी कुणी करावी. घरात कुणाला पन्नाशीच्या आत स्तनांचा कर्करोग झाला असेल, दोन्ही स्तनांत झाला असेल, अंडाशयाचा झाला असेल, ट्रिपल निगेटिव्ह असेल किंवा पुरुषाला झाला असेल, तर विचारायला हरकत नाही. शक्य असेल तर जिला आजार झालाय तिची तपासणी आधी, लेकीसुनांची घाई नको. सुनेचा तर या वंशवृक्षाशी संबंधच नाही. लेकीची आधी केली आणि काही सापडलं नाही, तर त्याचा अर्थ लावता येत नाही. महोत्सवाच्या मेळाव्याला मी दोन्ही दिवस आहे. विचारायचं असेल त्यांनी आत्या आणि चुलत बहिणी यांची नावं, आजार आणि त्या वेळची वयं एका चिठ्ठीवर लिहून आणावीत.