एलटीओ लावलं आणि ड्राय-रनचा फ्लॅग वाचलाच जाईना: माझा अनुभव

वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याच्या कितीतरी बागा बोअरवर आहेत, आणि शेतीची लाईन पुष्कळदा रात्री येते. मोटरपाशी कोणी नसतं. बोअर आटला आणि मोटर कोरडी फिरू लागली (ड्राय-रन), तर ती बंद करायचं काम कंट्रोलरचं. आमच्या कंट्रोलरात एटीमेगा 328पी हा छोटा चिप आहे: प्रोग्राम ठेवायची फ्लॅश 32 केबी, चालू आकडे ठेवायची रॅम 2 केबी. नवा कोड मावेना म्हणून मी जीसीसी कंपाइलरचं एलटीओ (लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन, म्हणजे फाइल जोडताना सगळा कोड एकत्र पाहून तो आटोपशीर करणं) चालू केलं.

त्यासाठी '-एफएलटीओ' कंपाइलला आणि लिंकला (फाइल जोडताना), दोन्हीकडे द्यावं लागतं, कोड लहान ठेवणारं '-ओएस'सुद्धा. लायब्ररी साध्या 'एआर' या टूलने नाही, 'जीसीसी-एआर'ने बांधायची, नाहीतर लिंकरला त्यातले सिंबॉल (फंक्शन-व्हेरिएबलची नावं) सापडत नाहीत. एवढं केल्यावर कोड बसला. पण टेबलावर वॉटर मीटरचे पल्स थांबवले, म्हणजे पाणी बंद झाल्यासारखं केलं, तरी मोटर बंद करणारा रिले पडेना.

'कोरडी' हा ग्लोबल फ्लॅग (पाणी थांबल्याची खूण) टायमरचा इंटरप्ट, म्हणजे चालू काम मधेच थांबवून चालणारा कोड, लावतो. मेनमधलं लूप तो तपासतं आणि दर फेरीला दुसऱ्या फाइलमधलं वॉचडॉगचं (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणाऱ्या टायमरचं) फंक्शन बोलावतं. एलटीओ नसताना कंपाइलरला त्या फंक्शनच्या आतलं दिसत नव्हतं. ते फ्लॅग बदलत असेल, असं धरून तो दर वेळी रॅममधून नव्याने वाचायचा. एलटीओने फंक्शन लूपमध्येच उतरवलं. त्यात फ्लॅगला हात लावणारं काही नाही हे दिसताच वाचन लूपबाहेर गेलं. ऑब्जडंपमध्ये (तयार कोडच्या मशीन-सूचना दाखवणाऱ्या टूलमध्ये) ते स्वच्छ दिसतं: रॅममधून वाचायचं 'एलडीएस' वर एकदाच, आत नुसतं वॉचडॉगचं 'डब्ल्यूडीआर' आणि मागे उडी. म्हणजे वॉचडॉगला दर फेरीला हजेरी मिळते, तो रीसेट करत नाही, आणि मोटर कोरडी फिरत राहते. चूक कंपाइलरची नाही. फ्लॅगला 'व्होलाटाइल' (दर वेळी रॅममधूनच वाच, असं कंपाइलरला सांगणारा शब्द) आधीपासूनच हवं होतं.

पण म्हणून सगळ्याच ग्लोबलना व्होलाटाइल लावत सुटू नये. प्रत्येक वापराला रॅमची फेरी पडते, कोड फुगतो आणि वाचवलेली जागा परत जाते. इंटरप्ट आणि मेन दोघं वापरतात तेवढ्यांनाच लावलं.

लिंक करताना टाइप जुळत नसल्याची वॉर्निंगही आली. पल्सचा आकडा एका फाइलमध्ये 16 बिटचा, डिस्प्लेच्या फाइलमध्ये 'एक्सटर्न' (दुसऱ्या फाइलमध्ये बनलेला) म्हणून 32 बिटचा. वरचे दोन बाइट शेजारच्या व्हेरिएबलचे वाचले जात होते. एलटीओआधी हे कोणीच सांगत नव्हतं. आता घोषणा एकाच हेडरमध्ये आहे, आणि जिथे व्हेरिएबल बनतं त्या फाइलमध्येही तोच हेडर घेतला आहे.

व्होलाटाइलने 16 बिटचं वाचन अखंड होत नाही. हा चिप 8 बिटचा, दोन बाइट वेगवेगळे वाचतो. 255 चा खालचा बाइट घेतला, तेवढ्यात इंटरप्टने आकडा 256 केला, की हातात 511 येतात. इंटरप्ट क्षणभर बंद करून आकडा लोकल व्हेरिएबलात उतरवायचा, मग इंटरप्ट पूर्ववत.

नंतर पुन्हा ऑब्जडंप काढला. 'एलडीएस' लूपच्या आत आलं होतं. पल्स थांबवले, ठरलेल्या विसाव्या सेकंदाला रिले पडला.