तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीला सोळाव्या वर्षी कॉलेजात का घातलं

मंडळाच्या गणपतीत, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, व्हॉट्सॲपवर, सगळीकडे तोच प्रश्न. "तुम्ही रनिंग स्टार्ट केलंत ना, मग आमच्या मुलाला घालू का?" इतके दिवस "हो, चांगलं आहे" म्हणून विषय बदलत आले. आज नीट सांगते.

पैशासाठी केलं का? हो, पैशासाठीपण केलं, त्यात लाज कसली. रनिंग स्टार्ट म्हणजे इथल्या, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली योजना: अकरावी-बारावीची मुलं शाळेऐवजी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, शिकू शकतात आणि ट्यूशन फी पडत नाही, 90 क्रेडिट झाले की दोन वर्षांची डिग्री शाळा संपतानाच हातात. आणि खरं सांगू, मला त्यात वेगळं काही वाटलंच नव्हतं, आपण नाही का दहावीनंतर कॉलेजलाच गेलो. पण आपलं ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावीच, वर्गात सगळे आपल्याच वयाचे. इथे लेकीचा लॅब पार्टनर नाइट शिफ्ट करून येणारा पस्तिशीचा माणूस. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, मी मंडळात सगळ्यांना सांगत सुटले होते ना.

पहिल्याच क्वार्टरला केमिस्ट्री घेतली. क्वार्टर म्हणजे जेमतेम अकरा आठवडे, दिवाळीचा फराळ संपेस्तोवर कोर्स संपत आलेला असतो. रोज सकाळी मीच सोडायचे, ती हात करून आत जायची. डिसेंबरात तिची बॅग आवरताना लॅबची वही सापडली, ती कार्बन कॉपीवाली. पहिल्या चार प्रयोगांच्या कॉप्या फाडून दिलेल्या, पुढची सगळी पानं कोरी. सहा आठवडे पोरगी लायब्ररीत बसत होती. एका लॅबला काहीतरी चुकलं, सगळ्यांसमोर रडू आलं, परत जायचा धीरच झाला नाही. कोर्स सोडायची तारीख कधीच उलटून गेलेली.

कॉलेजला फोन लावला. बाई शांतपणे म्हणाल्या, ती आमची स्टुडंट आहे, तिच्या लेखी परवानगीशिवाय तुमच्याशी बोलता येणार नाही. "अहो सोळा वर्षांची आहे ती!" हे मी चक्क मराठीत बोलून गेले. फर्पा म्हणून कायदा आहे, कॉलेजात गेलं की वय काहीही असो, अभ्यासाच्या नोंदींवर हक्क मुलाचा. नाव घालायच्या फॉर्मवर सही माझी लागते, पण पोर बुडतंय हे मला कुणी सांगणार नाही. त्या दिवशी फोन ठेवून मी किती वेळ गाडीत बसून होते मला आठवत नाही.

डी लागला, म्हणजे जेमतेम पास. एपीच्या, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय घेऊन देतात त्या परीक्षेत पाचापैकी दोन आले तर स्कोअर पाठवायचा नाही, संपलं. कॉलेजचा डी मात्र कायमचा, उद्या मेडिकलला अर्ज केला तर शाळेत असताना घेतलेले कॉलेजचे कोर्सही दाखवावे लागतात आणि जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरतात.

मग चुकलंच ना? लेक म्हणते, नाही. शाळेत परत जायला ती तयारच नव्हती, कॉलेजातच राहिली, केमिस्ट्री परत घेतली, बी आला. मी म्हटलं, अगं सहा आठवडे एकटी बसलीस. तर म्हणाली, "आई, शाळेतही मी डबा एकटीच खायचे, ते तरी तुला कुठे माहीत होतं?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

धाकटा दहावीत आहे, त्यालाही जायचंय. मी म्हटलं, आधी त्या परवानगीच्या कागदावर सही कर, मग मी माझी करते. तर विचारतो, "ताईने केली होती?"

नव्हती केली. अजूनही केलेली नाही.