मिसरी

९ एप्रिल, रात्री

९ तारीख, म्हणजे गरोदर बायांच्या मोफत तपासणीचा दिवस. ऊसतोडीवरून परतलेल्या चौघींना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. त्यातली एक १७ वर्षांची. पाचवा महिना, आणि ही पहिलीच तपासणी. १८ च्या आतली पोर गरोदर आली की दवाखान्याला पोलिसांत कळवावं लागतं, त्या धाकानं घरचे आणतच नाहीत. हिच्यासाठी मी तीन चकरा मारल्या.

सिस्टरनं विचारलं, "काही व्यसन?" पोरीनं नाही म्हणून मान हलवली. मीही तेच लिहिणार होते, तेवढ्यात हिरड्यांच्या कडेनं काळी रेघ दिसली.

"दात कशानं घासतीस, माय?"

"मिसरीनं."

"दिसातून किती येळा?"

"चार-पाच."

तव्यावर भाजून काळी केली तरी ती तंबाखूच, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी व्यसन म्हणजे दारू नाहीतर गुटखा. इतकी वर्षं आम्ही 'व्यसन आहे का' असंच विचारत आलो, याचं आज फार वाईट वाटलं.

मग तिला समजावलं. तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात, वारेतून बाळाला रक्त कमी पोचतं. बाळ अडीच किलोच्या आत भरतं, दिवसांआधी होतं, कधी पोटातच जातं. तिचं स्वतःचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, ८.४, हवं किमान ११. पोर घाबरली. जरा वेळानं हळूच म्हणाली, "ताई, फडात पहाटं जायचं, भाकर दुपारी. मिसरी लावली की भूक मरती." डबी आत्याबाईंनी दिलेली, दाढ दुखायची तेव्हा.

भुकेपायी लागलेली सवय नुसतं 'सोड' म्हणून कशी सुटेल? तंबाखू सोडायला मदत करणारा मोफत नंबर आहे, १८००-११-२३५६. तो लिहून दिला, पण फोन नवऱ्याच्या खिशात.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. सासू ओट्यावर मिसरीच लावत बसलेली.

"आमी न्हाई व्हय बाळंत झालो?"

"मावशी, किती लेकरं झाली तुम्हाला?"

"सात."

"हायेत किती?"

तिचं बोट दातावरच थांबलं. "चार."

ती तिघं मिसरीपायीच गेली असं मला म्हणता येणार नाही, आणि मी म्हटलंही नाही. नुसती शेजारी बसून राहिले. पोरगी दारातून ऐकत होती.

परवा पुन्हा जायचं. शेंगदाणे-गूळ न्यायचा, दोघींसाठी.