एकच गळा, दोन माईक

सकाळी स्टुडिओ, संध्याकाळी स्टेज. स्टुडिओत कंडेन्सर माईक होता, ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर, म्हणजे केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर चालणारा. त्याने श्वास टिपला, ओठ उघडल्याचा बारीक आवाज टिपला, खुर्चीची कुरकुरसुद्धा सोडली नाही. हळुवार आलाप हेडफोनवर इतक्या जवळून ऐकताना अंगावर काटा आला. पण हाच माईक स्टेजवर नेला असता तर गाण्याआधी ड्रमच त्यात शिरले असते.

संध्याकाळी आधी सुपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणारा माईक लावून पाहिला. मॉनिटर, म्हणजे मला माझाच आवाज ऐकवणारा स्पीकर, बरोबर माईकच्या पाठीमागे ठेवलेला, आणि लगेच फीडबॅकची शिट्टी! या माईकला थेट मागचंही थोडं ऐकू येतं. मॉनिटर तिरका, बाजूला सरकवला तेव्हा कुठे ती थांबली. शेवटी गायले मात्र शुअर एसएम५८ वरच. १९६६ पासूनचा हा डायनॅमिक (बाहेरची वीज न लागणारा), कार्डिऑइड (थेट मागचं जवळपास न ऐकणारा) माईक. त्याला मॉनिटर सरळ मागेच चालतो.

आणि हो, जाळी मुठीत धरू नका, प्लीज. फीडबॅक वाढतो. खर्जात मी माईक ओठांना अगदी टेकवत आणते, आवाज भरीव होतो. तार सप्तकात चार बोटं लांब. आज हाताला ते आपोआप जमलं. फार बरं वाटलं.