तुम्ही विचारलंत म्हणून: माझे हिंदी कुठून आले?

नोकरीची बावीस वर्षे जबलपूर, लखनौ आणि दिल्ली येथे काढून मी साताऱ्यास परतलो, तेव्हापासून एक प्रश्न मला वरचेवर विचारला जातो: मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या तोंडी इतके स्वच्छ हिंदी कसे? त्याचे उत्तर म्हणजे रेडिओवरील ‘बिनाका गीतमाला’ या कार्यक्रमाचे निवेदक अमीन सायानी.

३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, श्रीलंकेतील कोलंबोच्या रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ ही हिंदी चित्रपटगीतांची साप्ताहिक क्रमवारी सुरू झाली. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर त्या वेळी माहिती व नभोवाणी मंत्री होते आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली होती. साहजिकच श्रोत्यांनी काटा कोलंबोकडे वळवला. गंमत अशी, की कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तिथून शॉर्टवेव्हवर स्वार होऊन पुन्हा आपल्याकडे येत.

आमच्या घरी साठीच्या दशकात बुधवारी रात्री आठच्या आत जेवणे उरकत. थोरली बहीण वही घेऊन बसे आणि कोणते गाणे कितव्या ‘पायदान’वर, म्हणजे क्रमांकावर, आले, ते टिपून ठेवी. बिगुल वाजला, की ती हाताने सर्वांना गप्प करी, कारण आता वरच्या क्रमांकाचे गाणे येणार असे. आवाज मध्येच विरे, खरखरीतून पुन्हा वर येई. आणि मी गाण्यांपेक्षा दोन गाण्यांमधल्या बोलण्याकडेच कान लावून असे. ‘आवाज’ हा शब्द मराठीत पुल्लिंगी असला तरी हिंदीत स्त्रीलिंगी आहे, हे मला व्याकरणाच्या पुस्तकाआधी त्या निवेदनातून कळले. अमीन सायानी कधी कठीण शब्द वापरत नसत. साधेच शब्द, पण प्रत्येक शब्दाला पुरेशी जागा देऊन, जणू समोर एकच माणूस बसला आहे अशा जिव्हाळ्याने ते बोलत. इतर वक्ते ‘भाइयो और बहनो’ म्हणत, हे मात्र ‘बहनो और भाइयो’ म्हणत. या क्रमाचा माझ्या बहिणीला कोण अभिमान!

हा साधेपणा कुठून आला, ते मला पुष्कळ उशिरा समजले. त्यांच्या आई कुलसुम सायानी गांधीजींच्या प्रेरणेने नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ हे पाक्षिक चालवीत. त्याची भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी. पण ते नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापले जाई, आणि लहानपणी अमीनजी त्या कामात हातभार लावीत. पुढे आकाशवाणीच्या हिंदी चाचणीत ते नाकारले गेले, कारण उच्चारांवर गुजराती व इंग्रजीची छाया होती. ज्यांचे हिंदी मी प्रमाण मानले, त्यांनाही ते कष्टाने कमवावे लागले होते, हे वाचून मला भरून आले होते. कारण जबलपूरच्या कचेरीत माझ्या ‘च’ आणि ‘ज’च्या उच्चारांना लोक हसत, तेव्हा मी रात्री खोलीत त्यांचीच वाक्ये मोठ्याने म्हणत असे.

२० फेब्रुवारी २०२४ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी, मुंबईत ते गेले. बातमी मला दुसऱ्या दिवशी समजली. तो बुधवार होता. रात्री आठ वाजता बहिणीचा नागपूरहून फोन आला, आणि न ठरवता आम्ही दोघे हिंदीत बोललो.