बाई, वही कोरीच हाय की!

शनिवारी सकाळची शाळा. सुटायच्या वेळी फाटकापाशी दोन-चार आया, एखादी आज्जी, क्वचित एखाद्याचे वडील उभे असतात, आणि कुणीतरी विचारतंच, "बाई, ह्या आठवड्यात काय शिकवलं?" मागच्या महिन्यात एका आईनं पुढं जोडलं, "वही तर कोरीच हाय की! आन् पोराला इचारलं तर म्हनतंय, कायबी न्हाय." तिच्या जावेचा मुलगा साताऱ्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो. त्याच्या घरी दर शुक्रवारी मोबाइलवर यादी येते: कुठला धडा झाला, कुठली कविता झाली, गणिताचं कितवं पान चाललंय. तिला तशी यादी हवी होती. तिचं मागणं मला अजिबात गैर वाटलं नाही. उभ्याउभ्या मला नीट सांगता आलं नाही एवढंच, म्हणून आता सविस्तर सांगते.

मी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे एका खोलीत, तिसरी-चौथी सरांकडे दुसऱ्या खोलीत. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवून दिलंय. सहा दिवसांचा आठवडा धरला तर हे तेहतीस-चौतीस आठवडे होतात. माझ्या टाचणवहीत, म्हणजे रोज काय शिकवायचं-शिकवलं ते मांडायच्या वहीत, यातल्या प्रत्येक आठवड्याचा हिशेब आहे, कुणीही येऊन बघावा. पण टाचणात मी काय शिकवलं ते असतं. तुम्ही विचारता ते मूल काय शिकलं हे. ते पान नंबरात मावत नाही.

ऑगस्टचंच बघा. तीन आठवडे दुसरीच्या गणिताच्या वह्या जवळजवळ कोऱ्या राहिल्या, आणि त्याचं कारण होतं पंचवीस. "पंचवीस लिहा" म्हटलं की निम्मी मुलं पाटीवर ५२ लिहायची. तुम्हाला वाटेल, पोरांचं लक्ष नाही. खरं तर नीट कान देऊन ऐकणारं मूलच ही चूक करतं. 'पंच' आधी ऐकू येतं, 'वीस' मागून येतं. जे आधी ऐकलं ते त्यानं आधी लिहिलं. मराठीत आपण सुटे आधी बोलतो आणि दशक मागून, लिहिताना मात्र दशक आधी आणि सुटे मागून. मोठ्यांना ही उलटापालट जाणवतसुद्धा नाही, इतकी ती अंगवळणी पडलेली असते. सात वर्षांच्या मुलाला ती रोज नव्यानं ओलांडावी लागते.

आणि 'एकोण' तर त्याहून अवघड. एकोणचाळीस म्हटलं की मुलाच्या कानावर 'एक' आणि 'चाळीस' पडतात, आणि ते बिनधास्त ४१ लिहितं. एकोण म्हणजे एक उणं, चाळीसाला एक कमी, हे कुणीतरी हातानं करून दाखवल्याशिवाय त्याला कसं कळावं? एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो. ९९ ला मात्र नव्याण्णव. एवढा नियम सांभाळत आलेलं मूल तिथं "एकोणशंभर" म्हणतं, आणि त्याचं काहीच चुकलेलं नसतं.

नोकरीची सुरुवातीची वर्षं मी सांगली जिल्ह्यात जतकडं काढली. तिथं काही मुलांच्या घरी कन्नड बोलतात. कन्नडमध्ये पंचवीसला 'इप्पत्तैदु' म्हणतात: वीस आधी, पाच मागून, जसं लिहायचं तसंच. ती मुलं ओठातल्या ओठात घरच्या भाषेत मोजायची आणि पाटीवर २५ बरोबर उमटायचं. शेजारी बसलेली मराठी बोलणारी मुलं ५२ पाशी अडून बसलेली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की अडचण पोरांच्या डोक्यात नाही, शब्दाच्या घडणीत आहे.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससोबत 'वीस एक' अशीही वाचायची पद्धत दिली होती, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. मराठी बुडाली, इथपर्यंत लोक गेले. पुस्तक करणाऱ्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर स्वतः गणिताच्या अभ्यासक होत्या, आणि पुस्तकातून एकवीस हा शब्द काही काढून टाकलेला नव्हता. मी आजही पंधरा-वीस दिवस 'वीस पाच' म्हणायला लावते. वर चढायला शिडी लागते. माळ्यावर पोचल्यावर शिडी कुणी डोक्यावर घेऊन फिरत नाही. एकदा बोट बरोबर आकड्यावर पडायला लागलं की मुलं आपण होऊन पंचवीस म्हणतात, कारण घरात, दुकानात, एसटीत तोच शब्द कानावर असतो.

तर त्या तीन आठवड्यांत आम्ही काय केलं? घेवडा मोजला. आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, भौगोलिक मानांकन मिळालेला. त्याच्या लालसर पट्ट्यांच्या बिया मोजायला फार बऱ्या: हातात बसतात, घरंगळत नाहीत, आणि प्रत्येकाच्या घरात असतात. दहा बिया झाल्या की कागदाची पुडी बांधायची. उरलेल्या सुट्या ठेवायच्या. पंचवीस म्हणजे दोन पुड्या आणि पाच सुट्या. बावन्न म्हणजे पाच पुड्या आणि दोन सुट्या. दोन्ही ढीग शेजारी मांडले की मूल गप्प होऊन बघत राहतं. एकोणचाळीससाठी चार पुड्या बांधायच्या आणि चौथी पुन्हा सोडून एक बी काढून घ्यायची. पुडी सोडायला मुलांना आवडत नाही, कारण बांधायला कष्ट पडलेले असतात. म्हणूनच ते 'उणं' लक्षात राहतं.

ज्या आईनं कोऱ्या वहीबद्दल विचारलं, तिचा मुलगा तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी उठून माझ्या टेबलापाशी आला. ओंजळीत दोन पुड्या आणि वर थोड्या बिया. म्हणाला, "बाई, हे वीस आन् पाच. बोलताना पाच म्होरं पळतंय, लिवताना मागं ऱ्हातंय." मी त्याला हे वाक्य शिकवलेलं नव्हतं. त्या दिवशी त्याच्या वहीत एकच आकडा होता, २५. तारीख घालून लिहिलाय, बघा, आहे तिथं.

सप्टेंबरमधले दोन आठवडे 'र'नं घेतले. मराठीत हे एकच अक्षर जोडाक्षरात किती वेष घेतं! 'चक्र'मध्ये ते पायात जातं, 'सूर्य'मध्ये डोक्यावर बसतं, 'ट्रॅक्टर'मध्ये टच्या खाली काकपदासारखं लटकतं, आणि 'दुसऱ्या'मध्ये आडवं होऊन पुढच्या अक्षराला चिकटतं. ट्रॅक्टर सोपा गेला, तो दारातच उभा असतो. अडलं ते 'साताऱ्याला'पाशी. आठवड्यातून दहा वेळा तोंडात येणारा शब्द, पण लिहिताना बहुतेकांनी रफार दिला, 'सातार्याला'. मग आम्ही वह्या मिटल्या आणि कानावर आलो. दर्या आणि दऱ्या. एक समुद्र, एक डोंगरातली. डोळे मिटून ऐकायचं आणि ज्या शब्दात 'र'च्या आधीच्या अक्षरावर जोर येतो तिथं टाळी वाजवायची. 'दर्या'ला टाळी, 'दऱ्या'ला नाही. 'सूर्या'ला टाळी, 'पायऱ्या'ला नाही. दोन दिवस नुसत्या टाळ्या ऐकून सर मधल्या दारातून डोकावून गेले. टाळ्या बरोबर पडायला लागल्यावरच फळ्यावर लिहिलं. आता 'साताऱ्याला' वर्गातल्या बहुतेकांचं बरोबर येतं. दोघांचं अजून येत नाही, त्यांच्यासाठी मी परत फिरून येणार आहे. एका आठवड्यात शिकवलं आणि संपलं, असं काहीच नसतं. सोमवारी आम्ही निम्मा वेळ मागच्या आठवड्यातच असतो.

पोरं 'पानी' लिहितात, 'लोनी' लिहितात, याचीही तक्रार येते, आणि गंमत म्हणजे ती करणारे स्वतः पानीच म्हणतात. मी ते चूक म्हणत नाही. हा घरचा शब्द आणि हा पुस्तकातला, असं म्हणून दोन्ही फळ्यावर शेजारीशेजारी लिहिते. आईच्या तोंडचं बोलणं अशुद्ध आहे असं सहा वर्षांच्या मुलाला सांगितलं, की ते वर्गात तोंड उघडायचंच बंद करतं. मग त्याला पुढं काय शिकवणार?

पहिलीचं थोडक्यात सांगते. जूनचे पहिले आठवडे रडणं थांबण्यात, जागेवर बसण्यात आणि उभ्या-आडव्या रेघांत जातात. मग ग, म, भ, न. एकदा काना आणि डोक्यावरची रेघ हाताला जमली की ही चार अक्षरं लवकर येतात, आणि 'मन', 'नग', 'गगन' वाचल्याचा आनंद महिन्याभरातच मिळतो. इंग्रजीही आहेच, आपल्याकडं २००० सालापासून ते पहिलीपासून आहे. आत्ता ऐकणं, गाणी, वस्तूंची नावं एवढंच. लिहायची घाई मी करत नाही.

आता ज्या गोष्टीनं मला या प्रश्नाचा खरा विचार करायला लावला ती सांगते. दिवाळीनंतर आपल्या शिवारात ऊसतोडीच्या कोपी, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, पडतात. बीडकडनं टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर मुलंही. मागं एका वर्षी डिसेंबरात एक मुलगी आली, आठ वर्षांची. कायदा सांगतो की दाखला नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही, आणि वयाला योग्य त्या वर्गात घ्यायचं. मी तिला दुसरीत बसवलं. तिला वाचता येत नव्हतं. पण मोजणी सुरू झाली आणि बघते तर तिला पंचवीस कधी अडलंच नाही. ती उसाच्या मोळ्या मोजायची. दहा मोळ्यांचा एक ढीग तिच्या डोळ्यांपुढं आधीपासूनच होता. आमच्या पोरांना पुड्या बांधून जे कळायला तीन आठवडे लागले, ते ती ट्रॉली भरताना आईच्या मागं उभी राहून शिकून आली होती. तिनंच बाकीच्यांना दहा पुड्यांची मोठी पिशवी करून शंभर दाखवलं.

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि ती जायला निघाली. अशा मुलांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, पुढच्या शाळेतल्या शिक्षकांना कळावं म्हणून. मी पेन घेऊन बसले तेव्हा कळेना, काय लिहू. आमच्या वर्गात चौदावा धडा चालू आहे, हे लिहून त्या शिक्षकांना काय उपयोग? शेवटी मी लिहिलं: दोन अंकी संख्या गठ्ठे करून सांगते, शंभरापर्यंत चुकत नाही. जोडाक्षरं नसलेला मजकूर हळू पण समजून वाचते. 'र'ची रूपं राहिली आहेत. अनोळखी वर्गात पहिले आठ दिवस बोलत नाही, थांबावं. मला त्या मुलीबद्दल ठाऊक होतं ते सगळं या चार ओळींत आलं होतं.

तशी ओळ मला तुमच्या प्रत्येकाच्या मुलाबद्दल सांगता येते. म्हणून माझं म्हणणं असं आहे की शनिवारी फाटकापाशी पाच मिनिटं जास्त थांबा. "काय शिकवलं" ऐवजी "आमच्या पोराला आता काय येतंय आणि कुठं अडतंय" असं विचारा, मी नाव घेऊन सांगीन. घरी "काय शिकलास" विचारू नका, त्याचं उत्तर कुठलंही मूल "कायबी न्हाय" असंच देतं. त्यापेक्षा सांगा, "एकोणतीस शेंगा मोजून आण बरं," आणि ते कसं मोजतंय ते बघत बसा. मधेच चुकलं तर लगेच सांगू नका, ते परत मोजतं.

परवा सोमवारपासून दुसरीला हातच्याची वजाबाकी सुरू होतेय. बत्तीसातून सात काढायचे म्हणजे पुडी सोडावी लागणार, तीही बऱ्याचदा, तेव्हा बिया पुष्कळ लागतील. गेल्या वर्षीच्या किडल्यात. नवा घेवडा आता घरात आलाच असेल, पोराबरोबर मूठभर पाठवून द्या.